सोसायटीच्या लॉनवर आणि झाडांवर दर महिन्याला बुरशीनाशक फवारावे का?

आपण विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. पुण्यात बाणेर परिसरातील आपल्या सोसायटीत सुमारे सहा हजार चौरस फुटांचे लॉन आहे. शिवाय दोन गुलमोहर, काही आंबे, एक सप्तपर्णी, एक लिंबू, पांढऱ्या चाफ्यांची रांग आणि गुलाबांचा वाफा आहे. गेल्या पावसाळ्यात लॉनवर तपकिरी चट्टे पडले, चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी साचून पाने गळाली आणि गुलाब जवळजवळ निष्पर्ण झाले. यंदा बागेच्या ठेकेदाराने असा प्रस्ताव दिला आहे की, जून ते ऑक्टोबर दर महिन्याला एकदा संपूर्ण बागेवर कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के या मिश्र बुरशीनाशकाची प्रतिबंधात्मक फवारणी करावी. हा खर्च करावा का, आणि लहान मुले व पाळीव कुत्री जिथे वावरतात तिथे हे सुरक्षित आहे का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की, हा प्रस्ताव या स्वरूपात स्वीकारू नये. प्रतिबंधात्मक फवारणीला माझा विरोध नाही. काही झाडांसाठी ती केलीच पाहिजे आणि वेळेवर केली पाहिजे. परंतु कोणत्या झाडावर कोणता रोग येतो, तो कधी येतो आणि आल्यावर झाडाचे खरोखर किती नुकसान होते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक झाडाबाबत वेगळी असतात. सर्वांना एकच औषध एकाच दिवशी देणे हे ठेकेदाराच्या वेळापत्रकाला सोयीचे असते, रोगाच्या वेळापत्रकाला ते जुळत नाही.

बुरशीनाशक काम कसे करते हे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. बहुतेक पानांवरील रोगांत बुरशीचे बीजाणू वाऱ्याने किंवा पावसाच्या उडत्या थेंबांनी पानावर येऊन पडतात आणि पान काही तास सलग ओले राहिले तरच रुजतात. गुलाबावरील काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला असा सुमारे सात तासांचा ओलावा पुरतो. मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड, क्लोरोथॅलोनील, गंधक ही स्पर्शजन्य औषधे पानाच्या पृष्ठभागावरच राहतात आणि रुजणाऱ्या बीजाणूला तिथेच मारतात. बुरशी एकदा पानाच्या आत शिरली की त्यांचा उपयोग पावसात भिजून घरी आल्यावर उघडलेल्या छत्रीइतकाच. कार्बेन्डाझिम, हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, ॲझॉक्सिस्ट्रोबिन यांसारखी आंतरप्रवाही औषधे पानाच्या आत जातात आणि नुकत्याच झालेल्या संसर्गाला काही प्रमाणात आवर घालतात, पण काळा पडलेला ठिपका तीही पुन्हा हिरवा करू शकत नाहीत.

आता महिन्यातून एकदा होणाऱ्या फवारणीचा विचार करा. पुण्याच्या पश्चिम भागात जुलै महिन्यात दिवसच्या दिवस झड लागते. स्पर्शजन्य औषधाचा थर दोन-चार जोरदार सरींत विरळ होतो आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानांवर तर औषधाचा कणही नसतो. गुलाबासारखे झाड पावसाळ्यात महिनाभरात कितीतरी नवी पाने काढते. म्हणजे तीस दिवसांपैकी पहिले आठ-दहा दिवस संरक्षण मिळते आणि उरलेले दिवस झाड उघडे राहते. ज्या झाडांना संरक्षण हवे आहे त्यांच्यासाठी महिन्याचे अंतर फार मोठे आहे आणि ज्यांना नको आहे त्यांच्यासाठी ती एक फवारणीही जास्तच आहे.

अर्थात हे सर्व परिस्थितीवर अवलंबून आहे. मुंबईत किंवा कोकणात पाऊस कितीतरी अधिक पडतो आणि हवेतील दमटपणा टिकून राहतो, तेथे फवारण्यांतील अंतर आणखी कमी ठेवावे लागते. नाशिक किंवा तासगावचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर काटेकोर वेळापत्रकाने फवारतो, कारण केवडा आणि भुरी हे रोग त्याचे वर्षाचे उत्पन्न काही दिवसांत संपवू शकतात. तेथील वेळापत्रक तेथे योग्यच आहे. सोसायटीच्या बागेत मात्र चार पाने गळाल्याने कोणाचे उत्पन्न बुडत नाही, आणि त्या हिरवळीवर मुले अनवाणी खेळतात. त्यामुळे येथे फवारणीचा उंबरठा उंच ठेवावा, असे माझे मत आहे. मी स्वतः फवारणी सुचवतो तेव्हा रोग नेमका ओळखलेला असावा, तो त्या जागी वारंवार येत असावा, त्याने झाड खरोखर खंगत असावे आणि त्याच्या येण्याचा काळ आधी सांगता येत असावा, एवढे तपासतो.

सर्वांत आधी लॉन घेऊ, कारण सर्वाधिक औषध तेथेच वाया जाते. पावसाळ्यात लॉनवर दिसणारा प्रत्येक तपकिरी चट्टा बुरशीचा नसतो. चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून हळूच ओढून पाहा. ते गालिच्यासारखे उचलले गेले, मुळे कुरतडलेली दिसली आणि खालच्या मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरट अळी सापडली, तर तो हुमणीचा प्रताप आहे. त्यावर कोणतेही बुरशीनाशक चालणार नाही. एकाच ठिकाणी गडद हिरव्या कडेचा लहान गोल करपलेला दिसला तर तो बहुधा कुत्र्याच्या मूत्राचा असतो. पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र जिथे भरले जाते, तिथेही असा डाग पडतो.

खरा रोग ओळखायचा असेल तर पहाटे, दव वाळण्यापूर्वी लॉनवर जावे. हातभर रुंदीचा गोलसर चट्टा, त्याच्या बाहेरच्या कडेला धुरकट करड्या रंगाचे कडे आणि पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ तंतू, ही रायझोक्टोनिया या बुरशीमुळे होणाऱ्या तपकिरी चट्टा रोगाची खूण. ऊन वर आले की ते तंतू नाहीसे होतात, म्हणून दुपारी पाहणाऱ्याला ते कधी दिसतच नाहीत. गवत तेलकट, चिकट होऊन एका रात्रीत झोपले असेल आणि चट्टे पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने किंवा कापणी यंत्राच्या चाकोरीत लांबट पसरले असतील, तर पिथियम या बुरशीसारख्या रोगकारकाचा संशय घ्यावा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पिथियम ही खऱ्या अर्थाने बुरशी नाही आणि कार्बेन्डाझिम तिच्यावर काम करत नाही. उलट तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर बुरशी दबल्याने रोग वाढूही शकतो. तेथे मेटॅलॅक्झिलसारखे वेगळे औषध लागते आणि त्याहून आधी साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी लागते. पात्यांवर राखेसारखा किंवा जांभळट थर अचानक दिसला आणि बोटाने पुसला जात असेल, तर ती निरुपद्रवी श्लेष्म बुरशी असते. पाण्याच्या फवाऱ्याने ती धुऊन जाते. पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्याही जमिनीतील जुने लाकूड किंवा कुजके अवशेष पचवत असतात. त्या हातमोजे घालून उपटून टाकाव्यात, मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून, एवढेच.

आपल्या लॉनवर तपकिरी चट्टा रोगच होता असे गृहीत धरले, तरी मी आधी औषधाचा पंप मागवणार नाही. तुषार सिंचनाचा टायमर संध्याकाळी लावलेला आहे का ते पाहीन. संध्याकाळी पाणी दिले की पाती रात्रभर ओली राहतात. पहाटे दिले की उन्हाबरोबर तासाभरात वाळतात. पावसाळ्यात टायमर पूर्ण बंद ठेवावा, ही साधी गोष्टही अनेक सोसायट्यांत होत नाही. दुसरा प्रश्न युरियाचा. जून-जुलैमध्ये लॉन हिरवेगार दिसावे म्हणून मुठी-मुठीने युरिया फेकला जातो आणि त्याने फुटणारी कोवळी, पाणीदार पाती रायझोक्टोनिया आणि पिथियम दोघांनाही आवडतात. नत्र द्यायचेच असेल तर थोडे थोडे विभागून द्यावे आणि झडीच्या दिवसांत अजिबात देऊ नये. मात्र नत्र पूर्ण तोडणेही बरोबर नाही, कारण नाण्याएवढे वाळके ठिपके पाडणारा डॉलर स्पॉट आणि तांबेरा हे भुकेल्या गवतावर जास्त येतात.

कापणी करताना पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक एका वेळी कापू नये. यंत्राचे पाते धारदार असावे, कारण बोथट पात्याने गवत कापले न जाता फाटते आणि त्या फाटलेल्या टोकातून रोग सहज शिरतो. ओल्या गवतावर यंत्र चालवले तर तेच यंत्र रोग लॉनभर पेरते. पावसाळ्यात कापणीसाठी कोरडी दुपार निवडावी आणि रोगट भागातील कापलेले गवत उचलून न्यावे. कोरियन गवतासारख्या दाट गालिच्याखाली मेलेल्या काड्यांचा स्पंजासारखा थर साचतो. तो अर्ध्या इंचापेक्षा जाड झाला असेल तर मे महिन्यात, गवत जोमाने वाढत असताना, खरवडून काढावा आणि काटेरी फावड्याने जमिनीला भोके पाडून वर बारीक वाळू व चाळलेले शेणखत पसरावे. एवढे केल्यावर बहुतेक सोसायट्यांच्या लॉनवर मला औषधाची गरज पडत नाही.

एवढे करूनही दरवर्षी ठरावीक ठिकाणी, उदाहरणार्थ इमारतीच्या सावलीतील कोपऱ्यात, चट्टे येतच असतील, तर फक्त तो कोपरा आणि भोवतालची तीन-चार फुटांची पट्टी फवारावी. ॲझॉक्सिस्ट्रोबिन किंवा प्रोपिकोनॅझोल यांपैकी एक औषध, पावसाला उघडीप असताना, आणि गरज पडल्यास दोन ते तीन आठवड्यांनी दुसऱ्या गटातील, म्हणजे बुरशीला वेगळ्या प्रकारे मारणारे, औषध. गट बदलणे आवश्यक आहे. एकाच गटाचे आंतरप्रवाही औषध वारंवार दिले की त्याला न जुमानणारी बुरशीच तेवढी मागे उरते. कार्बेन्डाझिमबाबत हा अनुभव जुना आहे, आणि या गटातील औषधे गांडुळांनाही घातक आहेत. संपूर्ण लॉनवर महिन्यामागून महिना ते ओतणे म्हणजे जी गांडुळे जमीन भुसभुशीत ठेवतात आणि मेलेल्या काड्यांचा थर पचवतात, त्यांनाच हाकलणे होय.

गुलाबांच्या बाबतीत माझे मत अगदी वेगळे आहे. तेथे प्रतिबंधात्मक फवारणी जरूर करावी. काळे ठिपके पडून पाने पिवळी होऊन गळण्याचा रोग पुण्याच्या पावसाळ्यात जवळजवळ नक्की येतो, आणि सलग दोन वर्षे पाने गेली की झाड आतून रिकामे होते. गळालेले प्रत्येक पान वेचून बाहेर टाकावे, कारण पुढचे बीजाणू तेथूनच उडतात. वळवाच्या पहिल्या सरींनंतर लगेच मॅन्कोझेब किंवा क्लोरोथॅलोनीलची फवारणी सुरू करावी, पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी, आणि पाऊस चालू असेपर्यंत सात ते दहा दिवसांच्या अंतराने ती चालू ठेवावी. मधल्या एक-दोन फेऱ्यांत हेक्साकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल घ्यावे. पावसाळ्यात द्रावणात चांगले स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारा द्रव) मिसळावे आणि फवारणीनंतर निदान चार-सहा तास पाऊस येणार नाही अशी वेळ साधावी. वाफा लहान असल्याने औषध थोडेच लागते. संपूर्ण बागेच्या एका फवारणीच्या खर्चात गुलाबांचा अख्खा हंगाम निघतो.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कापलेल्या टोकांवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची घट्ट पेस्ट लावावी, नाहीतर शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येते. तसे झालेच तर काळ्या भागाच्या इंचभर खाली, हिरव्या फांदीत काप घ्यावा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पानांवर पिठासारखी भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरते. मात्र तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक फवारू नये आणि तेलयुक्त औषधाच्या फवारणीनंतर दोन आठवडे ते टाळावे, अन्यथा पाने करपतात.

चाफ्याच्या पानांखालील नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. दिसायला तो भयंकर दिसतो, पण चाफ्याची पाने हिवाळ्यात अशीही गळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झाड पुन्हा निरोगी पाने व फुले काढते. मोठ्या, रुजलेल्या चाफ्यावर त्यासाठी मी कधी औषध सुचवत नाही. गळालेली पाने गोळा करावीत आणि दाटी झालेल्या फांद्या उन्हाळ्यात विरळ कराव्यात.

उरलेल्या झाडांपैकी काहींचा आजार मुळात बुरशीचा नाहीच. सप्तपर्णीच्या पानांवर पुटकुळ्या येतात त्या एका बारीक किडीमुळे. लिंबाच्या पानांवर आणि फळांवर उठणारे खरखरीत खवले म्हणजे खैऱ्या, तो जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर कार्बेन्डाझिम निरुपयोगी असते, ताम्रयुक्त औषधाचाच थोडा उपयोग होतो. आंबा, लिंबू किंवा जास्वंदीच्या पानांवर काजळी चढलेली दिसली की माळी हमखास बुरशीनाशक आणतो. वास्तविक ती काजळी तुडतुडे, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण यांनी सांडलेल्या गोड चिकट द्रवावर वाढते. कीड आवरली की काजळी आपोआप सुकून निघते.

आंब्याला पावसाळ्यातील फवारणीची गरज नाही. त्याचा नाजूक काळ मोहोराचा, पुण्याकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीचा. फळे हवी असतील आणि दरवर्षी मोहोर भुरीने पांढरा पडून गळत असेल, तर मोहोर बाहेर पडू लागताच गंधक किंवा हेक्साकोनॅझोल फवारावे आणि फुले पूर्ण उमललेली असताना फवारणी थांबवावी, कारण त्या दिवसांत माश्या आणि मधमाश्या परागीभवन करत असतात. तीस फुटी झाडावर पाठीवरच्या पंपाचे तुषार पोहोचत नाहीत. खालच्या फांद्या तेवढ्या भिजवून खर्च करण्यापेक्षा तसे झाड सोडून द्यावे.

आंबा आणि लिंबू यांच्या खोडांसाठी मात्र मी एक काम आवर्जून करायला सांगतो, ते म्हणजे मेअखेरीस बोर्डो पेस्ट लावणे. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, कारण मोरचूद लोखंडी भांडे खातो. चुना फुलून थंड झाला की तो गाळून घ्यावा आणि मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत लाकडी काठीने ढवळावे. उलट क्रमाने ओतू नये. आकाशी निळी दाट पेस्ट तयार होते. तीत घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी, अन्यथा कोवळी साल भाजते. ही पेस्ट त्याच दिवशी, खोडावर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशने लावावी. लिंबाच्या खोडातून डिंक येण्याच्या रोगाला यामुळे चांगला आळा बसतो. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा लावावी.

गुलमोहराबाबत थोडी काळजी वाटते. आपण लिहिले आहे की एका गुलमोहराच्या बुंध्याशी कडक, तपकिरी, चकचकीत भूछत्रे आली आहेत. वर्णनावरून ते गॅनोडर्मा असावे. ती बुरशी मुळांत आणि बुंध्याच्या आतल्या लाकडात असते. भूछत्र दिसेपर्यंत आत बरीच कूज झालेली असते आणि पानांवर किंवा खोडावर केलेली कोणतीही फवारणी तिथवर पोहोचत नाही. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवणे, चर खणताना मुळे तोडणे आणि खोडाला मातीचा ढीग लावणे, ही त्यामागची नेहमीची कारणे. त्या झाडाखाली वाहने आणि मुलांची घसरगुंडी असेल तर पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून झाड तपासून घ्यावे. फांद्या हलक्या करायच्या असोत की झाड काढायचे असो, महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची पूर्वपरवानगी लागते. अर्जाला वेळ लागतो, म्हणून तो आत्ताच करावा.

सुरक्षिततेविषयी आपण विचारले ते योग्यच आहे. औषधाच्या वेष्टनावरील त्रिकोण पाहा: लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. बागेत वापरली जाणारी बहुतेक बुरशीनाशके निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाची असतात, पण हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असे समजू नये. मात्रा वेष्टनावर दिलेलीच घ्यावी. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर पिकांची नावे असतात, लॉनचे क्वचितच, म्हणून ठेकेदार मात्रा अंदाजाने ठरवतो. ती त्याने कशावरून ठरवली हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. फवारलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत दोरी लावून बंद ठेवावी. कारंज्यात किंवा कुंडात मासे असतील तर त्याच्या जवळ ताम्रयुक्त औषधे आणि ॲझॉक्सिस्ट्रोबिन वापरू नये.

सोसायटीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. रहिवासी बागेतून कढीपत्ता, तुळस, गवती चहा तोडून नेतात, गुलकंदासाठी गुलाब नेतात आणि गणपतीच्या दिवसांत हिरवळीतील दूर्वा खुडतात. या झाडांवर औषधाचा तुषारही जाता कामा नये, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लॉनवर फवारणी झालीच तर सूचना फलकावर तारीख आणि औषधाचे नाव ठळकपणे लिहावे. फवारणाऱ्या माळ्याला हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ठेकेदाराने दिलेच पाहिजेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाले, त्यानंतर तरी याबाबत कोणी ढिलाई करू नये.

ठेकेदाराकडून सुधारित प्रस्ताव मागवा. त्यात गुलाबांच्या सात ते दहा दिवसांच्या फेऱ्या, दोन वेळा बोर्डो पेस्ट आणि मे महिन्यातील लॉनची मशागत यांचे वेगवेगळे दर असावेत. लॉनवरील फवारणी रोग ओळखल्यानंतरच आणि आपल्या लेखी संमतीने व्हावी. यंदा लॉनवर चट्टा दिसला की पहाटे सहाच्या सुमारास त्याच्या कडेचा जवळून फोटो घ्या, एक पाते वेगळे तोडून त्यावरील डागाचाही घ्या, आणि आदल्या आठवड्यात खत व पाणी केव्हा दिले ते लिहून दोन्ही फोटो येथेच टाका; रायझोक्टोनिया की पिथियम हे त्यावरून बहुधा सांगता येईल.